वर गाव, खाली बंदर

दामूखारीचं बंदर म्हणजे खडकांच्या दोन हातांनी धरलेलं ओंजळभर पाणी. ग्रीसच्या थेसली प्रांतात, पूर्वेच्या अंगाला, पेलिऑन नावाचा डोंगर समुद्रात उतरतो आणि गळाच्या आकड्यासारखा वळतो. त्याच्या आतल्या बाजूला पागासेतिक आखाताचं शांत पाणी आहे, बाहेरच्या बाजूला खुला एजियन समुद्र. बाहेरच्या किनाऱ्यावर उभे कडे आहेत आणि होडीला आसरा मिळेल अशा जागा फार थोड्या. दामूखारी त्यांपैकी एक. २००८ सालच्या ‘मामा मिया!’ या चित्रपटातली काही दृश्यं इथे घेतली गेली, तेव्हापासून इथे माणसांची वर्दळ वाढली. बहुतेक जण गाडीनं खाली येतात, पोहतात, मासे खातात आणि गाडीनंच परत जातात. त्यांच्या पाठीमागून एक दगडी वाट ऑलिव्हच्या झाडांत शिरते, तिच्याकडे फार कुणी पाहत नाही. पेलिऑन समजून घ्यायचं असेल तर मात्र याच वाटेनं चालायला हवं.

या वाटेला तिथे ‘कालदेरिमी’ म्हणतात. शब्द तुर्की आहे, वस्तू आपल्या ओळखीची. कोकणात वाडीतून खाली उतरणारी दगडी पाखाडी असते, तिचीच ही बहीण. सपाट दगड एकमेकांत घट्ट बसवलेले आणि दर पावलावर आडवी, किंचित उचललेली दगडांची ओळ. त्या ओळीचं काम दुहेरी. ओझं लादलेल्या खेचराचा खूर तिथे अडकून घसरत नाही आणि पावसाचं पाणी वाटेवरून धावत न सुटता बाजूला वळतं. दामूखारीहून निघालेली वाट नागमोडी वळणं घेत चढते. आधी ऑलिव्ह, मग ओक, मग चेस्टनटची दाट सावली. वळणावळणावर मागे पाहिलं की समुद्र अधिक खाली गेलेला आणि अधिक मोठा झालेला दिसतो. दोनेक तासांत आपण त्सांगाराडा गावात पोहोचतो, समुद्रापासून सुमारे पाचशे मीटर उंचीवर.

त्सांगाराडाला गावाची वेस सापडत नाही. घरं एकमेकांना चिकटलेली नाहीत. प्रत्येक घर आपल्या बागेत, झाडांत, पाण्याच्या पाटाशेजारी उभं आहे. गाव चार भागांत विखुरलं आहे. प्रत्येक भागाला स्वतःचं चर्च, स्वतःचा चौक आणि चौकात सावली धरणारं झाड. आयिया पारास्केव्हीच्या चौकातलं झाड पाहायला लोक लांबून येतात. त्याच्या बुंध्याचा घेर चौदा मीटरच्या आसपास आहे आणि गावकरी त्याचं वय हजार वर्षं सांगतात. ग्रीक माणूस त्याला ‘प्लातानोस’ म्हणतो. आपण काश्मीरमध्ये ज्याला चिनार म्हणतो, तोच हा वृक्ष. झाडाभोवती बसायला दगडी पार, शेजारी वाहतं पाणी, समोर चर्च. पेलिऑनमधल्या जवळजवळ प्रत्येक गावाचं हृदय असंच आहे. कॉफी पिणारी म्हातारी माणसं, खेळणारी पोरं, लग्नाची वरात, निवडणुकीची भांडणं, सगळं या पाराभोवती घडतं.

गाव एवढं वर आणि बंदर एवढं खाली का, याचं सरळ उत्तर समुद्री चाचे. एजियनच्या किनाऱ्यावर शतकानुशतकं त्यांचं भय होतं. पाण्याकाठी घर बांधणं म्हणजे लुटीला आमंत्रण देणं. म्हणून माणसं वर राहिली आणि प्रत्येक गावानं किनाऱ्यावर आपलं एक ‘स्काला’ ठेवलं, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याचा धक्का. झागोराचं खोरेफ्तो, मिलिएसचं काला नेरा, लाफ्कोसचं मिलीना अशा या जोड्या. गावाचं नाव घेतलं की खालच्या धक्क्याचंही घ्यावं लागतं. वरच्या डोंगरातलं लाकूड, रेशीम, चेस्टनट, सफरचंद खेचरांवर लादून खाली जायचं. खालून मीठ, धान्य, पैसा, पुस्तकं आणि परदेशच्या बातम्या वर यायच्या. आपण डोंगरगाव वेगळं आणि किनारपट्टी वेगळी असे दोन भाग करून पाहतो. पेलिऑनमध्ये तो एकच प्रपंच होता आणि कालदेरिमी ही त्याची नस होती.

डोंगराची पूर्व बाजू इतकी हिरवी कशी, हा प्रश्न ग्रीसची कोरडी, पांढरी बेटं पाहून आलेल्या प्रवाशाला पडतोच. सह्याद्रीच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला तो पडू नये. एजियनवरून आलेली दमट हवा सुमारे सोळाशे मीटर उंच भिंतीला धडकते, वर चढते, थंड होते आणि पाऊस टाकते. फरक इतकाच की इथला पाऊस मुख्यतः हिवाळ्यातला, आणि माथ्यावर तो बर्फ होऊन पडतो. खानिया नावाच्या खिंडीजवळ स्कीइंगचं केंद्र आहे. तिथल्या उतारांवरून निरभ्र दिवशी एका बाजूला आखात आणि दुसऱ्या बाजूला एजियन दिसतो. बर्फात उभं राहून दोन समुद्र पाहता यावेत, अशा जागा जगात किती असतील? हेच पाणी गावागावांतून पाटांनी खेळवलेलं आहे. हायड्रेंजिया, कॅमेलिया, गार्डेनिया अशी ओलाव्यावर जगणारी फुलं इथल्या अंगणांत वाढतात ती त्यामुळेच.

हे पाणी नेहमी सौम्य राहत नाही. सप्टेंबर २०२३मध्ये ‘डॅनियल’ वादळ आलं तेव्हा झागोराच्या पर्जन्यमापकावर ५ तारखेच्या एका दिवसात ७५४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. २६ जुलै २००५ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला होता, तो दिवस ज्यांनी पाहिला त्यांना हा आकडा वाचताना अंगावर काटा येईल. पावसाळ्याची सवय असलेल्या आपल्या शहराची त्या दिवशी काय दशा झाली हे आपण जाणतो; तिथे तर सप्टेंबर म्हणजे उन्हाळ्याची अखेर. रस्ते वाहून गेले, पूल कोसळले, किनाऱ्यावरच्या वाळूची जागा दगडगोट्यांनी घेतली.

आता थोडं मागे जाऊ. पुराणकथांत पेलिऑन हा केंटॉरांचा डोंगर आहे. केंटॉर म्हणजे कमरेच्या वर माणूस आणि खाली घोडा असलेले वनचर. त्यांतला शहाणा खिरोन हा वीरांचा गुरू. अकिलीस त्याच्याकडे शिकला, वैद्यांचा देव अस्क्लेपिओस त्याच्याकडे औषधी शिकला. त्याचं गुरुकुल याच रानात होतं असं मानतात, आणि पेलिऑनच्या वनौषधींची ख्याती आजही आहे. अकिलीसचा भाला याच डोंगरावरच्या अ‍ॅश वृक्षाच्या लाकडाचा, असं होमर सांगतो. जेसन ज्या ‘आर्गो’ जहाजातून सोनेरी लोकर आणायला निघाला, त्याचं लाकूडही इथलं, आणि तो निघाला ते खालच्या इओल्कोसहून, म्हणजे आजच्या व्होलोस शहराच्या परिसरातून. कथा कितीही अद्भुत असली तरी तिच्या मुळाशी वरचं लाकूड आणि खालचं जहाज ही जोडी आहेच.

गावं मात्र एवढी जुनी नाहीत. त्यांतली काही मध्ययुगात मठांभोवती वाढली. माक्रिनित्सा हे नाव तेराव्या शतकाच्या आरंभी तिथे उभ्या राहिलेल्या मठावरून आलं. पुढे ऑटोमन राजवट आली, सपाटीवरची चांगली जमीन तुर्की सरदारांकडे गेली आणि बरीच ग्रीक कुटुंबं डोंगरात सरकली. इथे इतिहासानं एक वेगळं वळण घेतलं. पेलिऑनमधली काही गावं वक्फ म्हणून लावून दिलेली होती आणि काही ‘हास’, म्हणजे राजघराण्याच्या खास उत्पन्नाची. सुलतानाच्या आईचं संरक्षण त्यांना दीर्घकाळ लाभलं. आपला ‘खासगी’ हा शब्द याच अरबी ‘खास’पासून आला आहे, होळकरांच्या राण्यांची खासगी आठवली की ही व्यवस्था चटकन ध्यानात येते. ठरलेला सारा वेळेवर पोहोचला की अधिकारी गावाच्या कारभारात फारसा हात घालत नसत. गावकरी आपले पुढारी आपण निवडत.

या मोकळिकीतून अठराव्या शतकात जे बहरलं ते थक्क करणारं आहे. घराघरांत रेशमाचे किडे पोसले जात. रेशीम आणि जाड लोकरीचे झगे घेऊन झागोराची जहाजं खोरेफ्तोहून निघत आणि काळ्या समुद्रापासून इजिप्तपर्यंत फिरत. माणसं परदेशी स्थिरावली. झागोराचा योआनिस प्रिंगोस हा असाच एक व्यापारी, ॲम्स्टरडॅममध्ये त्याची पेढी होती. १७६२ साली त्यानं आपल्या गावासाठी ग्रंथालय उभं केलं आणि पेट्या भरून पुस्तकं पाठवली. कॉन्स्टँटिनोपलचा धर्मगुरू झालेल्या झागोराच्याच कालिनिकोसनं आपला संग्रह त्यात घातला. ते ग्रंथालय आजही गावात आहे. जहाजातून उतरलेली ती पुस्तकं खेचराच्या पाठीवरून दगडी वाटेनं वर चढली असणार, हे चित्र माझ्या मनातून जात नाही. झागोराच्याच शाळेत रिगास फेरेओस शिकला. त्यानं १७९७ साली ग्रीसचा बारा पत्रकांचा भव्य नकाशा छापला, स्वातंत्र्याचं स्वप्न मांडलं आणि पुढच्याच वर्षी बेलग्रेडमध्ये त्याला ठार मारण्यात आलं.

डोंगराच्या आखाताकडच्या बाजूला मिलिएस. आकारानं लहान, पण या गावानं एका पिढीत तीन मोठे विद्वान दिले. दानिएल फिलिपिदिस आणि ग्रिगोरिओस कोन्स्तान्दास यांनी १७९१ साली व्हिएन्नात ‘अर्वाचीन भूगोल’ छापला, तोही सामान्य माणसाच्या बोलीत. तिसरा आन्थिमोस गाझिस. हा व्हिएन्नात पाद्री होता आणि तिथून त्यानं १८११मध्ये एक विद्वत्पत्रिका सुरू केली. नंतर गावी परतून त्यानं कोन्स्तान्दासबरोबर १८१४च्या सुमारास शाळा काढली. तिचं नाव होतं ‘आत्म्याचं औषध’. ७ मे १८२१ला गाझिसनं मिलिएसमध्येच बंडाचा झेंडा उभारला. ते बंड थोड्याच दिवसांत चिरडलं गेलं. थेसली ग्रीसमध्ये सामील व्हायला १८८१ उजाडलं. मिलिएसच्या चौकात ताक्सियार्खेस चर्च आहे, १७४१चं. त्याला ना घुमट ना उंच मनोरा. बाहेरून ते एखाद्या कोठारासारखं दिसतं. आत पाऊल टाकलं की भिंतीभर चित्रं समोर येतात, आणि त्यातल्या नादाची कीर्ती गायक-वादकांत आजही आहे.

घरांकडे मात्र निवांत पाहायला हवं. विझित्सा आणि माक्रिनित्सा ही दोन गावं त्यासाठी उत्तम. पेलिऑनचं जुनं घर म्हणजे तीन मजली बुरूज. खालचा मजला जाड दगडी भिंतींचा, खिडक्या अरुंद, दार भक्कम. इथे कोठार, तेल, दारू. भिंतींत ठराविक उंचीवर आडव्या तुळया घातलेल्या, कारण हा भूकंपाचा मुलूख. मधल्या मजल्यावर हिवाळ्यात राहायचं. छत बुटकं, चूल पेटती, ऊब टिकून. सगळ्यात वरचा मजला उन्हाळ्याचा, आणि इथे घराचा स्वभावच बदलतो. दगड संपतो, लाकडाच्या चौकटीत भरलेली हलकी, चुन्यानं रंगवलेली भिंत येते. माडी सज्जासारखी खालच्या भिंतीच्या बाहेर झेपावते. खिडक्यांची रांग, त्यांच्या वर रंगीत काचांचे झरोके, आत कोरीव तक्तपोशी. सगळ्यावर छप्पर पाटीच्या दगडाचं, माशाच्या खवल्यांसारखं एकावर एक चढलेलं. खाली चाच्यांची भीती आणि वर समुद्र पाहण्याची हौस, दोन्ही एका घरात राहत होत्या. हे काम करणारे कारागीर बहुतेक एपिरसहून टोळ्यांनी येत, हंगामभर बांधकाम करत आणि परत जात.

एकोणिसाव्या शतकात रेशमाचा धंदा बसला आणि पेलिऑनची माणसं इजिप्तला गेली. कापूस आणि तंबाखूत त्यांतल्या काहींनी मोठी माया जमवली. परत येऊन त्यांनी जी घरं बांधली ती अगदी वेगळी: दर्शनी भाग समतोल, खांबांची, संगमरवरी पायऱ्यांची, छतावर रंगीत चित्रं. त्सांगाराडा आणि पोर्तारियामध्ये अशी घरं अजून उभी आहेत. जुना बुरूज पाहून लगेच असा वाडा पाहावा. एकाच गावाची दोन शतकं शेजारी शेजारी उभी असतात. परत आलेल्यांनी स्वतःपुरतं बांधलं नाही हेही नोंदवायला हवं. शाळा, पाणवठे, दगडी रस्ते यांवर त्यांच्या नावांचे दगड जागोजागी दिसतात.

याच गावांतून थेओफिलोस नावाचा एक चित्रकार भटकत असे. तो लेसबॉस बेटावरचा. १८९७च्या सुमारास तो व्होलोस परिसरात आला आणि जवळपास तीस वर्षं राहिला. जुन्या वीरांसारखा घोळदार झगा घालून फिरायचा, म्हणून लोक त्याची टवाळी करत. जेवणाच्या आणि दारूच्या मोबदल्यात तो बेकरीच्या, खानावळीच्या, घरांच्या भिंती रंगवून द्यायचा. एकदा कुणी गंमत म्हणून त्याच्या पायाखालची शिडी ओढली आणि त्यानंतर तो खिन्न होऊन आपल्या बेटावर परतला, असं सांगतात. १९३४ साली तो गेला. मोठेपण मिळालं ते मागाहून. व्होलोसच्या वर आनाकासिया इथे कोन्तोस कुटुंबाचं घर आहे. १९१२मध्ये थेओफिलोसनं त्या घराच्या भिंती स्वातंत्र्ययुद्धातल्या वीरांनी भरून टाकल्या. आता ते संग्रहालय आहे. पेलिऑनच्या वाटेवर एकच वास्तू पाहायला वेळ असेल तर ही पाहावी, हा माझा आग्रह. ते निळे, हिरवे रंग आणि आपल्या आजीच्या गोष्टीतून थेट उतरलेले घोडेस्वार पाहून आपण बराच वेळ बोलत नाही.

माक्रिनित्सा तिथून फार लांब नाही. ‘पेलिऑनचा सज्जा’ असं तिचं टोपणनाव आहे. गाड्या वेशीवर ठेवून पायी आत जायचं. चौकात चिनार, संगमरवरी पाणवठा, छोटं सेंट जॉनचं चर्च आणि कठड्यापलीकडे सहाशे मीटर खाली व्होलोस आणि आखात. रविवारी मात्र इथे अथेन्स-व्होलोसची गर्दी असते. शक्य असेल तर मधल्या वारी सकाळी जावं.

व्होलोसहून मिलिएसला जाणारी रेल्वे हा एक वेगळाच जिव्हाळ्याचा विषय आहे. रुळांतलं अंतर फक्त ६० सेंटिमीटर. १८९०च्या दशकात ती व्होलोसहून आनो लेखोनियापर्यंत आली आणि १९०३मध्ये मिलिएसला पोहोचली. आपली नेरळ-माथेरान गाडी १९०७ची, रुंदीनं जवळपास तेवढीच. दोघी समवयस्क मैत्रिणी म्हणायला हरकत नाही. मार्ग आखणारा इटालियन अभियंता एव्हारिस्तो दे किरिको. त्याचा मुलगा ज्योर्जियो १८८८ साली व्होलोसमध्ये जन्मला आणि पुढे जगप्रसिद्ध चित्रकार झाला. त्याच्या चित्रांत रिकाम्या चौकांमागून धूर सोडत जाणारी आगगाडी वारंवार येते. ती कुठून आली, हे पेलिऑनमध्ये वेगळं सांगावं लागत नाही. मिलिएसजवळचा लोखंडी पूल सरळ आहे आणि त्याच्यावरचे रूळ वळणाचे आहेत, तो जरूर पाहावा. १९७१मध्ये गाडी बंद पडली. १९९६पासून पर्यटकांसाठी आनो लेखोनिया ते मिलिएस पुन्हा धावू लागली. ती रोजची गाडी नव्हे, म्हणून आधी चौकशी करूनच बेत ठरवावा.

विसाव्या शतकानं या गावांना सोसायलाही लावलं. ऑक्टोबर १९४३मध्ये जर्मन सैन्यानं मिलिएस जाळलं. त्याच वर्षी १८ डिसेंबरला द्राकिया गावातले शंभराहून अधिक पुरुष गोळ्या घालून मारले. द्राकियाच्या चौकात गेलं तर आवाज खाली ठेवून बसावं. १९५५च्या भूकंपानं व्होलोस आणि डोंगरातली अनेक घरं पाडली. मग मोटाररस्ते झाले, खेचरं गेली, तरुण माणसं शहरात गेली आणि कालदेरिमीवर झुडपं वाढली. घरांची छपरं आत कोसळू लागली. १९७५मध्ये ग्रीक पर्यटन संस्थेनं पारंपरिक वस्त्या जपण्याची योजना हाती घेतली, तीत विझित्सा होतं. पडके बुरूज दुरुस्त करून त्यांत पाहुण्यांसाठी खोल्या केल्या. त्यामुळेच आज रंगीत काचांच्या झरोक्याखाली झोपता येतं. काही घरं जपताना अति सजवली गेली, हे मला खटकतं. पण छप्पर नसण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

झागोरा मात्र पर्यटनावर विसंबून राहिलं नाही. तिथली शेतकऱ्यांची सहकारी संस्था १९१६ची, देशातल्या जुन्या संस्थांपैकी. तिचं सफरचंद ग्रीसभर नावानं ओळखलं जातं आणि युरोपीय संघानं त्याला भौगोलिक उगमाचं संरक्षण दिलं आहे. सहकाराची गोड-कडू अशी दोन्ही चव घेतलेल्या मराठी शेतकऱ्यानं झागोराला नुसतं समुद्र पाहायला जाऊ नये. सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडणीच्या वेळी जावं, फळांच्या पेट्यांनी भरलेले रस्ते पाहावेत. इथेच ‘फिरिकी’ नावाचं छोटं, लांबट, सुवासिक सफरचंद मिळतं. त्याचा अख्ख्या फळाचा पाकातला मुरांबा पाहुण्याला बशीत, चमचा घालून, गार पाण्याबरोबर देतात. विझित्सासारख्या गावांत बायकांच्या सहकारी संस्था असे मुरांबे करून विकतात.

जेवणात सॉसेज आणि ढोबळ्या मिरचीचं ‘स्पेत्सोफाई’ इथलं मुख्य. ‘त्सित्सिराव्ला’ हे त्याहून खास: रानपिस्त्याचे वसंतातले कोवळे कोंब, व्हिनेगरात मुरवलेले. शाकाहारी माणसाला मोठ्या पांढऱ्या पावट्यांची रसभाजी आणि रानभाज्या सहज मिळतात. खाली व्होलोसला ‘त्सिपुरो’ नावाच्या द्राक्षांच्या दारूची छोटी बाटली मागवली की तिच्याबरोबर एक बशी येते, दुसरी बाटली आली की दुसरी बशी, आधीपेक्षा वेगळी. काय खायचं ते आपण सांगायचं नसतं. १९२२नंतर आशिया मायनरमधून उखडून आलेल्या निर्वासितांनी ही पद्धत इथे रुजवली.

फिरायला एप्रिल ते जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर चांगला. ऑगस्टमध्ये अरुंद रस्त्यांवर गाड्या अडकून पडतात. चार दिवस असतील तर दोन रात्री त्सांगाराडा, एक विझित्सा, एक झागोरा. त्सांगाराडाहून मिलोपोतामोसला उतरावं. तिथे खडकाला नैसर्गिक कमान आहे आणि तिच्यातून एका पुळणीवरून दुसरीवर जाता येतं.

पाचवा दिवस मिळाला तर आकड्याच्या टोकापर्यंत जावं, त्रिकेरीला. इथे डोंगर उघडा होतो, चेस्टनट मागे राहतात, झुडपं आणि ऑलिव्ह उरतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत इथे धड रस्ता नव्हता. सगळं येणंजाणं होडीनं. गाव टेकडीच्या माथ्यावर आणि खाली आयिया किरियाकीचं बंदर, मध्ये तीव्र उताराची वाट. गावातले पुरुष खलाशी, कोळी, स्पंज काढणारे पाणबुडे. बंदरावर अजून लाकडी होड्या दुरुस्त होतात. किनाऱ्यावर ओढलेल्या होडीच्या फळ्यांना रंग आणि डांबराचा वास येत असतो. संध्याकाळी जाळी वाळत घातलेली असतात, खानावळीची टेबलं पाण्याला लागून मांडलेली असतात, आणि वरच्या गावातून कुणीतरी पिशवी घेऊन मासे न्यायला उतरत असतं.